आखूड सावलीचे ऊन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, नागपूरच्या माणसाला उन्हाबद्दल काही सांगायला जाणे म्हणजे कोकणातल्या माणसाला पावसाबद्दल सांगण्यासारखे आहे. तो ऐकून घेईल, पण मनात हसेल. २३ मे २०१३ रोजी या शहराच्या पाऱ्याने ४७.९ अंश गाठले, तेव्हा बाहेरगावच्या नातेवाइकांना आपण तो आकडा थोड्याशा अभिमानानेच सांगितला होता. रोहिणी नक्षत्र लागले की नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत कुलरमध्ये दर तासाला पाणी घालायचे, कैरीचे पन्हे करायचे, बाहेर पडताना खिशात कांदा ठेवायचा आणि डोक्यातोंडाला दुपट्टा असा गुंडाळायचा की सख्ख्या भावानेही ओळखू नये. हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नाही.

पण हे सारे ज्ञान तापाचे आहे. उन्हात आणखी एक गोष्ट असते. ती दिसत नाही, आणि अंगावर पडत असताना कळतही नाही. तिला मराठीत अतिनील किरण म्हणतात. आज मला तिच्याविषयी बोलायचे आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नाही, बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. आम्हा कवींनी सूर्याला जेवढी विशेषणे लावली तेवढी आणखी कोणी लावली नसतील. तरी ती सगळी विशेषणे त्याच्या प्रकाशाची आणि तापाची आहेत. हा तिसरा भाग कवितेत आलाच नाही, कारण त्याचा अनुभव घेणारे इंद्रिय आपल्याकडे नाही. तो मोजावाच लागतो.

ही ताटातूट किती जुनी आहे पाहा. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काही दिसत नव्हते तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. लगेच पुढच्या वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीतल्या येना गावी योहान रिटर याने दुसऱ्या टोकाला, जांभळ्या रंगाच्या पलीकडे शोध घेतला. त्याने तिथे चांदीचा क्षार लावलेला कागद धरला. तो कागद कुठल्याही दिसणाऱ्या रंगापेक्षा तिथे लवकर काळा पडला. म्हणजे उन्हाच्या एका अदृश्य टोकाचा पत्ता थर्मामीटरने लावला आणि दुसऱ्या अदृश्य टोकाचा पत्ता कागदाने. थर्मामीटरला या दुसऱ्या टोकाचे काही सांगता येत नाही. रोज सकाळी वर्तमानपत्रात आपण कमाल तापमान वाचतो, ते फक्त हवेचे तापमान असते.

यातून गोंधळ कुठे होतो तो सांगतो. नागपूरचा सूर्य मे महिन्याच्या अखेरीस माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. अतिनील किरणांचा जोर त्याच वेळी सर्वांत जास्त असतो आणि दोन्ही बाजूंना सारखा उतरत जातो. म्हणजे सकाळी साडेदहाला जेवढा जोर, तेवढाच दुपारी पावणेदोनच्या पुढे-मागे. तापमानाचे तसे नाही. जमीन तापायला आणि तिने हवा तापवायला वेळ लागतो, म्हणून पारा तीन-चारच्या सुमारास सर्वांत वर असतो. आपला सगळा बंदोबस्त पाऱ्याकडे पाहून केलेला असतो. उष्णतेच्या लाटेत दुपारी बारा ते चार उन्हात कामे करू नयेत अशा सूचना निघतात, आणि त्या योग्यच आहेत. उष्माघाताने माणूस काही तासांत दगावतो. पण त्या सूचनेमुळे सकाळी दहा ते बाराचे ऊन आपोआप निर्धोक ठरते. रस्त्याच्या कामावरचे मजूर, भाजीवाले, चौकातले वाहतूक पोलीस यांचा उरक नेमका त्याच दोन तासांत चाललेला असतो. तापाच्या हिशेबाने ते शहाणपणाचे आहे. अतिनील किरणांच्या हिशेबाने ते दुपारी साडेबारा ते अडीच उभे राहण्याइतकेच आहे.

आणि हिवाळा? विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत ऊन अंगाला गोड लागते. बाया दिवसभर पराटीच्या ओळींतून वाकून फिरतात. कोणी डोक्यावर रुमालही बांधत नाही, कारण गरज वाटत नाही. त्या दिवसांतल्या उन्हाचा हिशेब पुढे देतो.

आधी मोजायचे कसे ते पाहू. एक मोजमाप असे आहे की त्याला उपकरणही लागत नाही. ते म्हणजे आपली सावली. उघड्यावर उभे राहून पाहावे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरणांचा जोर जास्त आहे. लांब असेल तर कमी. परदेशात शाळेतल्या मुलांना हा नियम शिकवतात. त्यामागचे कारण साधे आहे. सूर्य कलला की किरणांना हवेतून तिरपा, म्हणजे लांबचा प्रवास करावा लागतो आणि वाटेत ओझोन वायू त्यांतला मोठा वाटा शोषून घेतो. सावलीची लांबी म्हणजे सूर्य किती कलला याचे माप. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिष्यांचा शंकूही हेच करीत असे.

मला हा नियम वाचताना वेगळेच काही आठवले. आमच्याकडे दुपारनंतरची, म्हणजे असरची नमाज कधी सुरू होते याचा हिशेब सावलीवरच आहे. ऐन माध्यान्हीची सावली वजा करून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की काही इमामांच्या मते असरची वेळ लागते. सावली उंचीच्या दुप्पट झाली की लागते, असे हनफी मत आहे. घड्याळे सर्रास झाली नव्हती तेव्हा मशिदीच्या अंगणात काठी रोवून हे पाहिले जाई. आता नागपूरचा अक्षांश साधारण २१ अंश. २६ मेच्या आसपास, म्हणजे ऐन नवतप्यात, आणि पुन्हा १७ जुलैच्या आसपास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशीच होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हा. त्या मेच्या दिवशी वजा करायला काही उरत नाही. सकाळी नऊपर्यंत सावली आपल्यापेक्षा लांब असते, मग आखूड होते, आणि तीन वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास पुन्हा आपल्या उंचीएवढी होते. दुप्पट होते पावणेपाचला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. धर्मग्रंथात आधुनिक विज्ञान शोधून काढणाऱ्यांपैकी मी नाही. नमाजाची वेळ कातडीच्या काळजीसाठी ठरलेली नाही. सूर्याची उंची पाहायला माणसाजवळ सर्वांत सोयीचे साधन सावली होते, ते ज्याला त्याला सापडले, एवढेच.

आता आकड्यांकडे वळू. अतिनील निर्देशांक नावाचे एक माप १९९२ साली कॅनडात सुरू झाले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने व जागतिक हवामान संघटनेने ते स्वीकारले. कातडी लाल करण्याची ताकद ज्या किरणांत जास्त, त्यांना जास्त वजन देऊन ही बेरीज केलेली असते. दोनपर्यंत आकडा असला तर चिंता नाही. तीनपासून काळजी घ्यावी, सहा-सात म्हणजे जास्त, आठ ते दहा फार जास्त आणि अकरा व त्यापुढे अत्यंत तीव्र. नागपूरचे आकाश निरभ्र असेल तर मे महिन्यातल्या माध्यान्ही गणिताने आकडा अकराच्या वर जातो. सावली उंचीएवढी असताना तो सहाच्या आसपास येतो, आणि दुप्पट झाल्यावर दोनच्या आसपास. म्हणजे आखूड सावलीचा नियम ढोबळ आहे. सावली उंचीएवढी झाली म्हणून धोका संपत नाही, निम्म्यावर येतो.

आता तो हिवाळ्याचा हिशेब. २२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. त्या दिवशी भर दुपारी नागपुरात माणसाची सावली त्याच्या उंचीहून किंचित आखूडच असते. निर्देशांक सहाच्या घरात. हा आकडा जवळपास लंडनच्या ऐन उन्हाळ्यातल्या दुपारचा आहे. तिथे त्या दुपारी टोपी घाला, बाह्या झाका म्हणून सांगतात. आपल्याकडे त्या उन्हाला कोवळे म्हणतात.

ही गणिते ज्या मोजमापांवर उभी आहेत त्यांची गोष्ट मात्र मोठी आहे, आणि तिच्यात आपली माणसे आहेत. ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात एक युक्ती काढली. अतिनील पट्ट्यातल्या शेजारशेजारच्या दोन तरंगलांबी घ्यायच्या, एक ओझोन भरपूर शोषतो ती, दुसरी तो फारशी शोषत नाही ती, आणि जमिनीवर दोघींचे प्रमाण काय येते ते पाहायचे. त्यावरून डोक्यावर किती ओझोन आहे हे कळते. तो किती असावा? वातावरणातला सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाने अंथरला तर जगाची सरासरी जाडी भरते तीन मिलिमीटर. आपल्या उष्ण कटिबंधात त्याहूनही कमी. अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारी चादर ती एवढीच.

डॉब्सन यांनी आपली उपकरणे जगभर पाठवली, त्यांतले एक १९२८-२९ मध्ये तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या वेधशाळेत आले. १९३९ साली एम. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी मुंबईवरच्या ओझोनच्या मोजणीचा निबंध प्रसिद्ध केला. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी एक प्रश्न हाती घेतला, तो मला फार जवळचा वाटतो: हवेतल्या धुळीने आणि धुरकटपणाने या मोजमापात किती फरक पडतो? युरोपातल्या धुतलेल्या आकाशाखाली बसून हा प्रश्न एवढ्या निकडीने सुचला नसता. ज्याने आपल्याकडचा एप्रिल-मेचा मातकट दुपारचा सूर्य पाहिला आहे त्यालाच तो सुचणार. धूळ काही किरणे अडवते, काही इकडेतिकडे विखुरते, आणि उपकरणाला वाटते की हे ओझोननेच केले.

रामनाथन हे सर सी. व्ही. रमण यांचे विद्यार्थी. दुसऱ्या अ‍ॅना मणी. रमण स्वतः १९१०-११ च्या सुमारास सरकारच्या वित्त खात्यातल्या नोकरीनिमित्त वर्षभर नागपुरात होते. आपले रमण विज्ञान केंद्र त्यांच्या नावाने आहे. अ‍ॅना मणींनी त्यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांवर काम केले. एम.एस्सी. नाही या सबबीवर विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, तिथल्या उपकरण विभागात. साधी साधी हवामान उपकरणेही तोवर परदेशातून येत. त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे नकाशे प्रमाणित करून ती देशात बनवायला लावली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे विणले गेले, ओझोन मोजायला फुग्यातून सोडायचे भारतीय उपकरण तयार झाले. भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९८० साली निघाला, त्यात नागपूरचेही आकडे आहेत. मोजमाप नसलेले परवडले, पण चुकीचे नको, असे त्यांचे मत होते.

हे मत किती खरे आहे याचा अनुभव नागपूरने मे २०२४ मध्ये घेतला. महिन्याच्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले. देशभर बातमी झाली. जगातला आजवरचा विक्रम ५६.७ अंशांचा आहे, तेव्हा होणारच. मग हवामान खात्याने खुलासा केला की संवेदक बिघडला होता. पण ही चूक पकडली गेली कशी? शहरात इतर केंद्रे होती, आणि आपल्या अंगाला ४५ अंश काय असतात ते ठाऊक होते. रिक्षावालासुद्धा म्हणाला, साहेब, छप्पन काही नव्हते.

अतिनील मापक बिघडला तर असे म्हणणारा कोणी नाही.

आणि तो बिघडायला फार कारणे आहेत. एकतर जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात सगळे अतिनील किरण मिळून शेकडा पाचच्या आसपास. त्यातले कातडीला आणि डोळ्यांना सर्वांत जाचक जे, ते तर शेकडा एकाच्याही खाली. भर बाजारात कुजबुज ऐकण्यासारखे हे काम. एका जुन्या प्रसिद्ध मापकाची रचना अशी होती: वर काळसर काच, ती दिसणारा प्रकाश अडवते, खाली एक क्षार, त्यावर अतिनील किरण पडले की तो हिरवट चमकतो, ती चमक विजेच्या डोळ्याने मोजायची. युक्ती छान. पण उपकरण तापले की दर अंशाला सुमारे एक टक्का आकडा बदले. अमेरिकेत असे मापक आठ ठिकाणी बसवले होते. १९७४ ते १९८५ च्या नोंदी पाहून १९८८ मध्ये निष्कर्ष छापला गेला की अतिनील किरण वाढत नाहीत, उलट किंचित घटत आहेत. तेव्हा ओझोनचा थर विरळ होत असल्याचे कळून चुकले होते, अंटार्क्टिकावरचे छिद्र १९८५ मध्येच जाहीर झाले होते. मोठा वाद झाला. पुढे त्या नोंदींची छाननी झाली आणि उपकरणांच्या तुलनेतल्या त्रुटी पुढे आल्या. आता विचार करा, जिथे सकाळी २८ आणि दुपारी ४६ अंश असतात तिथे गच्चीवर ठेवलेल्या मापकाची काय अवस्था होईल. त्याला स्वतःचे तापमान स्थिर ठेवण्याची सोय लागते, वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या खात्रीच्या मापकाशी ताडून पाहावे लागते, काचेवरची धूळ रोज पुसावी लागते. हे शेवटचे काम कोणाला तरी न कंटाळता करावे लागते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ या प्रकल्पातून काही मोठ्या शहरांसाठी हवेच्या प्रतीबरोबर अतिनील निर्देशांक द्यायला सुरुवात केली, तो चांगला पायंडा होता. कमाल-किमान तापमानाशेजारी तो आकडा रोज, ठळक, आपल्या बोलीत यायला हवा असे माझे मत आहे. त्यासाठी पाठीमागे नीट राखलेली उपकरणे हवीत, नुसता मोबाइलवरचा अंदाज नको.

आता अंगाशी येणारे काही. आपली सावळी कातडी या किरणांपुढे बरीच टिकते, म्हणून गोऱ्या लोकांत दिसतो तेवढा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे नाही. त्या कातडीला उजळ करण्याची मलमे विकणारेच ऊन टाळायला सांगतात, यातली गंमत त्यांना दिसत नसावी. पण डोळ्यांच्या भिंगाला असे कवच नाही. वर्षानुवर्षे उन्हात राबलेल्यांच्या मोतीबिंदूत या किरणांचा हात असतो, डोळ्यात मांस वाढण्यातही. सीताबर्डीच्या फुटपाथवरचा काळा गॉगल अतिनील किरण अडवणारा नसेल तर त्यापेक्षा न घातलेला बरा. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आत जास्त जातात.

सावलीतही पूर्ण सुटका नाही. आकाश निळे दिसते ते हवा निळा प्रकाश जास्त विखुरते म्हणून, आणि अतिनील किरण ती त्याहूनही जास्त विखुरते. भर उन्हात अंगावर येणाऱ्या जाचक किरणांतले सुमारे निम्मे थेट सूर्याकडून नव्हे तर सगळ्या आकाशातून येतात. एकट्या छत्रीखाली ते बाजूने येतात. दाट कडुनिंबाखाली, जिथून आकाश दिसत नाही, तिथे कमी. पातळ पांढरा सुती कपडा पाचवा-सहावा हिस्सा आत सोडतो, आणि ओला केला तर आणखी जास्त. ओला दुपट्टा तापाला उत्तम, पण या किरणांसाठी कोरडा, जाड, गडद रंगाचा चांगला. आणि मे महिन्यात थंडाव्यासाठी चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तिथे पारा खाली असला तरी आपण हवेचे सात-आठशे मीटर खाली सोडून वर आलो आहोत. अतिनील किरण तिथे आठ-दहा टक्के जास्तच.

एवढे ऐकून कोणी दारेखिडक्या लावून बसू नये. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व कातडीत तयार होते ते याच किरणांनी. ज्या बायका बुरख्याशिवाय किंवा स्कार्फशिवाय बाहेर पडत नाहीत त्यांच्यात, आणि सकाळी अंधारात शिकवणीला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या मुलांत, त्याची कमतरता आढळते. इथेही सावली उपयोगी पडते. लांब सावलीच्या उन्हात, म्हणजे पहाटे फिरायला गेल्यावर जे मिळते असे आपण समजतो, त्यात ते जवळजवळ तयार होत नाही. हिवाळ्यात अकरा ते एकच्या दरम्यान, हातपाय उघडे ठेवून, घराच्या अंगणात किंवा गच्चीवर पंधरा-वीस मिनिटे बसावे. मे महिन्यात नऊच्या सुमारास थोडा वेळ पुरे. खिडकीच्या काचेतून आत येणारे ऊन मात्र यात धरू नये; काच नेमके तेवढेच किरण अडवते.